पॉइंट नसलेलं डहाणू

डहाणूला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिथं बघायला काय आहे? महाबळेश्वर-माथेरानची सवय झालेल्या घरांत सहल म्हणजे पॉइंट. गाडी थांबते, सगळे उतरतात, कठड्याशी उभं राहून फोटो काढतात आणि पुढच्या पॉइंटकडे निघतात. त्या हिशेबानं डहाणू-तलासरीची यादी करायला बसलं तर हाती फार काही लागत नाही. एक लांबलचक किनारा, खाडीकाठचा एक छोटा किल्ला, हमरस्त्यालगत महालक्ष्मीचं देऊळ, डोंगरावर बाहरोटची लेणी. तिकीट काढून आत जावं, असं तर जवळजवळ काहीच नाही.

मुलांना घेऊन जाण्यासाठी मला हा मुलूख आवडतो तो याच कारणानं. पाहुण्यांना दाखवण्यासाठी म्हणून बांधलेलं इथं फार थोडं आहे. जे दिसतं ते आपापल्या कामात असतं. बोंबील वाळत असतात, चिकू निवडले जात असतात, जाळी विणली जात असतात, पाड्यावर भात झोडला जात असतो. मुलांना नुसतं दृश्य पाहायला दिलं तर ती पाच मिनिटांत कंटाळतात. कुणी काही करत असलं की मात्र तिथून हलत नाहीत.

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या हद्दीला लागून डहाणू आणि तलासरी हे तालुके आहेत. नकाशावर हा प्रदेश उभ्या पट्ट्यांत वाचावा. पश्चिमेला समुद्र आणि मांगेला, माच्छी, भंडारी, बारी अशा समाजांची किनाऱ्यालगतची गावं. त्यांना चिकटून चिकूच्या वाड्या, मग पश्चिम रेल्वेचा रूळ. रूळ ओलांडला की जमीन वर चढू लागते, घरं विखुरतात आणि वारल्यांचे पाडे सुरू होतात. आणखी पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि त्याच्याही पलीकडे जव्हारकडे जाणारे डोंगर. किनाऱ्यावरून निघालेली गाडी तासाभराच्या आत हे सगळे पट्टे ओलांडते. तेवढ्या अंतरात भाषा, घराच्या भिंती, ताटातलं अन्न आणि देव बदलतात.

सुरुवात समुद्रापासून करू, कारण मुलांना आधी तोच हवा असतो. पण डहाणूचा समुद्र घड्याळाप्रमाणे भेटत नाही, तो तिथीप्रमाणे भेटतो. पारनाका, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी असा हा किनारा उत्तरेकडे जातो. तो फार उथळ आणि सपाट आहे. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पहिल्यांदा आलेल्या माणसाला आपण समुद्रावर आलो की मैदानावर, असा प्रश्न पडावा. कारण भूगोलातलं आहे. उत्तरेला खंबातचं आखात आहे आणि ते नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं. भरतीचं पाणी त्यात शिरताना दाटतं आणि चढतं. म्हणून मुंबईपासून जसजसं उत्तरेला जावं तसतसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. जमीन सपाट आणि पाण्याची चढउतार मोठी, म्हणून इथं समुद्र मागे सरतो तो चांगलाच लांब.

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. येईल तो आकडा म्हणजे भरतीचा ढोबळ तास. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा धरायचे. सव्वाअकरा येतात, म्हणजे भरती दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या अलीकडे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि त्याच्याबरोबर भरतीही पुढं सरकते. पंधरा तिथींत बारा तास सरकते, एवढंच या गणितामागचं तत्त्व. गावागणिक थोडा फरक पडतो, तो तिथल्या मच्छीमाराला विचारून घ्यावा. तिसरी-चौथीतल्या मुलाला हा हिशेब दिनदर्शिका हातात देऊन करायला लावा आणि मग प्रत्यक्ष पाणी कधी येतं ते तपासायला सांगा. पाढे पाठ करण्याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

या हिशेबातून सहलीचं नियोजनही निघतं. पौर्णिमेच्या संध्याकाळी सूर्य बुडताना समुद्र दूर गेलेला असतो. ओल्या वाळूवर क्रिकेट खेळायला, सायकल चालवायला, धावायला ती वेळ उत्तम, पण पाण्यात डुंबायचं असेल तर निराशा. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी पाणी किनाऱ्याशी असतं आणि भरतीचा जोरही बेताचा असतो. या मवाळ भरतीला भांगाची भरती म्हणतात, तर अमावास्या-पौर्णिमेच्या जोरकस भरतीला उधाण. एक सावधगिरी मात्र हवीच. सपाट किनाऱ्यावर पाणी परतायला लागलं की ते उभ्या लाटांनी येत नाही, पसरत येतं आणि पाहता पाहता मागच्या बाजूच्या खळग्यांत भरतं. मुलं लांबवर खेळत असतील तर ओहोटी संपायच्या आत त्यांना परत बोलावावं. काही ठिकाणी खडक आहेत, काही ठिकाणी चिखल. बोर्डीची वाळू त्या मानानं मोकळी आणि मागं सुरूची झाडं, म्हणून लहान मुलांसाठी बोर्डी सोयीची.

ओहोटीच्या वाळूवर एक खेळ फुकट मिळतो. इवल्या इवल्या खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्या रचून ठेवलेल्या असतात, कधी चांदणीसारख्या रांगांत, कधी गोलाकार. हे खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातले खाद्यकण गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. पाणी आलं की सगळी नक्षी पुसली जाते, पुढच्या ओहोटीला पुन्हा नवी. गुपचूप बसून राहिलं तर खेकडा काम करताना दिसतो. पाऊल वाजलं की गायब. चार वर्षांच्या मुलालासुद्धा एका जागी गप्प बसवणारी ही एकमेव गोष्ट असावी. खाडीच्या बाजूला चिखलात निवट्या दिसतात, पाण्याबाहेर परांवर रांगणारे मासे. मासा पाण्याबाहेर जगत नाही हे शाळेत शिकलेल्या मुलाला त्या मुद्दाम दाखवाव्यात.

खाडीपलीकडचं धाकटी डहाणू हे मच्छीमारांचं मोठं गाव. बोटी लागतात तेव्हा तिथली लगबग पाहण्यासारखी असते, पण ते कामाचं ठिकाण आहे याचं भान ठेवावं, दोरखंडांतून आणि टोपल्यांतून वाट काढताना मुलांचा हात सोडू नये. बांबूच्या मांडवांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील हिवाळ्यात या किनाऱ्यावर ठिकठिकाणी वाळत असतात. वासानं नाक मुरडणारी मुलं संध्याकाळी तेच बोंबील तळलेले असले की दोनदा मागतात. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. माशांच्या प्रजननाचा तो हंगाम. तेव्हा ताजा मासा कमी आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटी जास्त.

पारनाक्याला वन विभागाच्या आवारात जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. वन विभाग आणि स्थानिक प्राणिमित्र संस्था मिळून ते चालवतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की जाळ्यांत अडकून जायबंदी झालेली कासवं किनाऱ्याला लागतात. त्यांत ऑलिव्ह रिडले जास्त. कुणाचा पर तुटलेला असतो, कुणी अशक्त झालेलं असतं. बरी झाली की त्यांना पुन्हा समुद्रात सोडतात. हे प्राणिसंग्रहालय नव्हे, दवाखाना आहे. त्यामुळं आत जाता येईलच असं धरून चालू नये, विचारून जावं आणि नाही म्हटलं तर परत फिरावं.

आता वाडीत येऊ. या भागात वाडी म्हणजे बहुतेक वेळा चिकूची वाडी. हे फळ इतकं अंगवळणी पडलंय की ते परदेशी आहे हे सांगूनही पटत नाही. चिकूचं मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोलवड-डहाणूच्या पट्ट्यात त्याची लागवड सुरू झाली आणि ती वाढवण्यात इथल्या पारशी आणि इराणी बागायतदारांचा वाटा मोठा होता. समुद्राची दमट हवा आणि निचऱ्याची जमीन झाडाला मानवली. कालीपत्ती ही इथली मुख्य जात. 2016 मध्ये 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं.

मुलांना सांगण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. कच्चा चिकू तोडला की देठातून पांढरा चीक येतो. मध्य अमेरिकेतले माया लोक हा वाळलेला चीक चघळत. 1870 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या थॉमस ॲडम्सनं त्या चिकापासून रबर करून पाहिलं, ते जमेना, मग त्यानं त्याचं च्युइंग गम करून विकलं. म्हणजे दुकानातल्या बरणीतल्या गमचं मूळ आणि आपल्या डोक्यावरची सावली एकाच झाडाची. कच्चा चिकू चावून पाहायचा मोह मुलांना होतोच. तोंड आवळलं की तोही धडा.

चिकू झाडावर पिकत नाही, म्हणजे पिकेपर्यंत तो झाडावर ठेवत नाहीत. तयार फळ ओळखायचं ते अंगावरची भुरकट लव झडली का यावरून. लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधून फळं उतरवतात, धुतात, आकारावर निवडतात आणि पेट्या भरतात. निवडणाऱ्या बायांचे हात इतके भराभर चालतात की फळ मोठं की मध्यम हे त्यांनी कधी ठरवलं ते कळत नाही. झाड वर्षभर फळ देतं, पण बहर हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या तोंडाला. बोर्डीला 2013 पासून चिकू महोत्सव भरू लागला. तिथं चिकूच्या चकत्या, भुकटी, लोणचं, मिठाई असं बरंच काही मिळतं. गर्दीची हौस असेल तर तेव्हा जावं. नाहीतर एखाद्या वाडीत राहण्याची सोय बघून सकाळच्या तोडणीला हजर राहावं, माझं मत या दुसऱ्या वाटेला.

या वाड्या आणि मागचं रान अजून टिकून आहे, याचं श्रेय निसर्गाला देण्याआधी एका सरकारी कागदाला द्यावं लागतं. 20 जून 1991 रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. कुठले कारखाने येऊ शकतात, कुठले नाहीत हे ठरलं. सगळ्या उद्योगांना मिळून पाचशे एकरांची मर्यादा पडली आणि तालुक्याभोवती पंचवीस किलोमीटरचा पट्टा राखायचा ठरला. वीज प्रकल्पाला मंजुरी त्याआधीच मिळालेली होती, म्हणून खाडीजवळ 500 मेगावॉटच्या औष्णिक केंद्राची उंच चिमणी दिसते. पुढं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1996 च्या ऑक्टोबरात निकाल लागला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. त्यांनी ते दोन दशकांहून अधिक काळ सांभाळलं. आता वाढवणला मोठं बंदर होऊ घातलंय. 30 ऑगस्ट 2024 रोजी त्याचं भूमिपूजन झालं. मच्छीमारांचा त्याला जुना विरोध आहे. शिवाय द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेनही याच तालुक्यांतून जातात. दहा वर्षांनी हा किनारा आजच्यासारखा दिसेल, असं धरून चालू नये. मुलांना आत्ताच नेण्याला हेही एक कारण आहे.

घोलवडहून पूर्वेला, थोडं चढून गेलं की कोसबाडची टेकडी लागते. बहुतेक पर्यटक इथं येत नाहीत आणि आले तर वरून दिसणारा समुद्र पाहून जातात. मला वाटतं मुलांना घेऊन फिरणाऱ्या आईबापांनी आधी इथं यावं.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. शहरातली बालमंदिरं चालू झाली, पण खेड्यातल्या मुलाचं काय, हा प्रश्न त्यांना सोडेना. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांजवळ हललं. माँटेसरीची साधनं परदेशी, महाग. इथं शंख-शिंपले, चिंचोके, गोटे, पानं, बिया, मातीची मडकी यांचीच साधनं झाली. लहान-मोठं शिकायला दगड, रंग शिकायला पानं, मोजायला चिंचोके. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हटल्यावर शाळा गुरांमागं कुरणात गेली, ती कुरणशाळा. गुरं चरताहेत आणि झाडाखाली अक्षरओळख चालू आहे, ही कल्पना पुस्तकी शिक्षणशास्त्राला सुचली नसती. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी गावोगावी पोचली. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. ताराबाई 1973 साली गेल्या, अनुताई 1992 पर्यंत होत्या.

हे सगळं इतक्या विस्तारानं सांगायचं कारण असं, की या मुलखात मुलांना घेऊन कसं फिरावं याचं उत्तर त्या दोघींनी देऊन ठेवलंय. मुलाला वस्तू हाताळू द्यायची, नाव नंतर सांगायचं. पिशवीत खेळणी नकोत. किनाऱ्यावरचे शिंपले, वाडीतलं वाळलेलं पान, टेकडीवरचा गोटा, भाताची लोंबी असं गोळा करू द्यावं आणि रात्री मुक्कामाला आल्यावर जमिनीवर मांडून त्याचे गट करायला सांगावेत. मोबाइल मागणारं मूलही त्यात तासभर रमतं. जिवंत शिंपला मात्र परत पाण्यात सोडायचा, हे आधीच ठरवून घ्यावं.

टेकडीवरून पूर्वेकडं पाहिलं की पाड्यांचा प्रदेश दिसतो. कैनाड, गंजाड आणि आसपासची गावं ही अशी विखुरलेली. गाव म्हणून जे नाव नकाशावर असतं ते प्रत्यक्षात अनेक पाड्यांचं मिळून असतं आणि दोन पाड्यांमध्ये शेतं, ओहोळ, ताडाची झाडं. कुडाच्या भिंती कारवीच्या किंवा बांबूच्या, वर शेणामातीचं लिंपण. आता पक्की घरंही पुष्कळ झालीत. वारली चित्रं जगभर गेली ती या भिंतींवरून.

मुंबईच्या हॉटेलात, चादरीवर, चहाच्या कपावर वारली चित्र पाहिलेल्या मुलाला वाटतं की ही सजावट आहे. मूळ चित्र सजावटीसाठी काढलेलं नसतं. लग्नघरात आतल्या भिंतीवर गेरूच्या सारवणावर सुवासिनी चौक लिहितात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेल्या कुंचल्यानं. चौकात पालघट देवी असते. ती सुफलतेची देवी, तिच्यावाचून लग्न लागत नाही. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौकाभोवती झाडं, जनावरं, शेतीची कामं, नाचणारी माणसं येतात. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. जपून ठेवायची कल्पनाच नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात फिरले आणि त्यांनी वारल्यांना कागद आणि रंग दिले. गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहणारे जिव्या सोमा मशे त्यातून पुढं आले. चौक लिहिण्याचं काम बायकांचं, पण हा पुरुष लग्नसमारंभाची वाट न पाहता रोज चित्रं काढू लागला. मासेमारीचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, पाऊस असे विषय त्यांच्या कागदावर आले. 1989 मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळालं आणि 15 मे 2018 रोजी ते गेले. त्यांच्यानंतरच्या पिढ्या आज चित्रं काढताहेत, मुलगे आणि मुलीही. पाड्यावर चित्रकाराच्या घरी आधी सांगून गेलं तर बसवून शिकवतातही.

मुलांना शिकवताना ते सुरुवात दोन त्रिकोणांपासून करतात. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे अंग, वर गोल म्हणजे डोकं, काड्या म्हणजे हातपाय. सोपं वाटतं. पण हात कुठं वाकवला की माणूस धावतो आणि कुठं वाकवला की तो ओझं उचलतो, हे जमवताना मोठ्यांचीही तारांबळ उडते. पुष्कळ चित्रांत मधोमध तारपा वाजवणारा असतो आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची वळत गेलेली रांग. तारपा हे वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा मेणानं जोडून केलेलं वाद्य. तो फुंकताना श्वास तुटू द्यायचा नसतो. नाकानं हवा घेत राहायची आणि गालांतली हवा सोडत राहायची. भात तयार होऊ लागलं की तारपा बाहेर निघतो, दिवाळीच्या सुमारास नाच रंगतात. नाचणारे तारपेवाल्याकडं पाठ करत नाहीत आणि त्यानं सूर बदलला की रांगेची पावलं बदलतात. मुलांना फुंकायला मिळाला तर गाल फुगवूनही आवाज निघत नाही, तेव्हा त्यांना त्या माणसाबद्दल वाटायला लागतो तो आदर व्याख्यानानं येत नाही.

पाड्यावर जायचे काही साधे नियम आहेत आणि ते मुलांनाही सांगावेत. ओळखीशिवाय, बोलावल्याशिवाय अंगणात शिरू नये. भेटल्यावर नमस्कार म्हणून 'जोहार' म्हणावं. देवाच्या जागेचे, वाघदेवाच्या लाकडी मूर्तीचे, न्हाणाऱ्या पोरांचे फोटो काढू नयेत. चॉकलेटं वाटत फिरू नये, त्यानं मुलं हात पसरायला शिकतात. चित्र विकत घ्यायचं तर कलाकाराकडूनच घ्यावं आणि घासाघीस करू नये. ज्याची किंमत आपण कमी करतोय ते चार दिवसांचं काम असतं.

डोंगर हवाच असेल तर बाहरोट. बोर्डीच्या पूर्वेला, असवली धरणाच्या बाजूनं वाट चढते. माथ्याजवळ खडकात खोदलेली लेणी आणि पाण्याची टाकी आहेत. पारशी समाजाला ही जागा पवित्र. 'किस्सा-ए-संजान' या 1599 च्या फारसी काव्यात जी हकीकत आहे तिच्यानुसार, संजानवर सुलतानाच्या फौजेचा हल्ला झाला तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी उचलला आणि या डोंगरावर बारा वर्षं जपला. पुढं तो वासदा, नवसारी असा फिरत 1742 मध्ये उदवाड्याला पोचला आणि आजही तिथं अखंड तेवतो आहे. बारा वर्षं वर लाकडं वाहून नेणारे कोण असतील, हा प्रश्न माथ्यावर धापा टाकत पोचलेल्या मुलानं विचारला तर चढाई सार्थकी लागली. पाच-सहा वर्षांच्या मुलांना मात्र ही चाल झेपणारी नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, वाटाड्या घेऊन, पहाटे निघून ऊन चढायच्या आत उतरावं. धरणाच्या पाण्यात कुणालाही उतरू देऊ नये.

महामार्गावर चारोटीजवळ, विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ आहे. गडावरच्या देवीनं गरोदर भक्तिणीचे कष्ट पाहून पायथ्याशी येऊन राहायचं मान्य केलं, अशी इथली कथा. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस जत्रा भरते. आकाशपाळणे, खाऊ, पावसाळ्यापूर्वीची घरगुती खरेदी आणि डहाणू, जव्हार, तलासरी, पार गुजरातेतून आलेली माणसं. तान्ह्या बाळाला घेऊन त्या गर्दीत आणि त्या उन्हात जाऊ नये. एरवी कधीही निवांत दर्शन होतं.

तलासरीकडं जाताना गाडीत बारा-तेरा वर्षांचं कुणी असेल तर त्याला आणखी एक गोष्ट सांगता येते. ऐंशी वर्षांपूर्वी या रानांत वेठ होती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतलेला वारली लग्नगडी व्हायचा आणि नवराबायको दोघांनी वर्षानुवर्षं सावकाराकडं राबायचं. 23 मे 1945 रोजी झरी या गावी किसान सभेची मोठी सभा झाली आणि वेठ करायची नाही, असं ठरलं. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ही सगळी हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. त्याला 1972 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेव्हा हा भाग उंबरगाव तालुक्यात होता. 1960 मध्ये राज्यं वेगळी झाली आणि उंबरगाव गुजरातेत गेलं. त्याच उंबरगावच्या स्टुडिओत 1987-88 साली रामानंद सागरांची 'रामायण' मालिका चित्रित झाली. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना या माहितीत मुलांपेक्षा जास्त रस वाटतो.

येण्याजाण्याचं म्हणाल तर एप्रिल 2013 पासून विरारपुढची उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येते. बोर्डीला जाणाऱ्यांनी बोर्डी रोड या नावाला भुलू नये, घोलवडला उतरणं सोयीचं. आत फिरायला शेअर रिक्षा आणि एसटी आहे, पण पाड्यांकडं आणि कोसबाडकडं जायचं तर दिवसभरासाठी रिक्षा ठरवलेली बरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यांत सुखाचा काळ. एप्रिल-मेमध्ये उकाडा असतो, पण ताडगोळे तेव्हाच मिळतात. पावसाळ्यात लावणी चालू असते आणि रान बघत राहावं असं होतं, फक्त समुद्र लांबूनच पाहायचा.

दोन दिवस असतील तर पहिला किनाऱ्याला आणि वाडीला, दुसरा कोसबाड आणि पाड्यांना द्यावा. एकच दिवस असेल तर बाहरोट सोडा, किल्लाही सोडा. सकाळी वाडीत तोडणी पाहा, दुपारी एखाद्या चित्रकाराच्या पडवीत बसा आणि संध्याकाळी समुद्रावर. पण निघण्याआधी दिनदर्शिकेत तिथी बघून ठेवा.